राउटर चालू, इमारत मुकी: ऑक्सिजन प्लांटपासून फेसबुकच्या दारापर्यंत एकच चूक

एप्रिल २०२१ मध्ये देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू होती आणि आपला नंदुरबार जिल्हा अचानक बातम्यांत आला. यावेळी कारण चांगलं होतं. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी २०२० मध्येच, पहिली लाट चालू असताना, ऑक्सिजन प्लांट बसवून घेतला होता. लाट ओसरली तरी काम थांबवलं नाही, आणखी प्लांट उभे केले. 'एक आहे ना, बास' असं कोणी म्हटलं नाही. आमच्या इंजिनियरिंगच्या भाषेत याला रिडंडन्सी म्हणतात. गरजेपेक्षा एक जास्त, आणि तोही गरज पडायच्या आधी.

त्याच महिन्यात, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. पुरवठा साधारण अर्धा तास विस्कळीत झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. अर्धा तास म्हणजे किती, हे त्या दिवशी महाराष्ट्राला कळलं.

पुढे जुलै २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या आढावा बैठकीत अजून एक मुद्दा आला. देशभर दीड हजारांहून जास्त ऑक्सिजन प्लांट बसणार होते. ते नीट चालतात की नाही हे आयओटी वापरून लांबून बघायचं, त्याचा पायलट चालू आहे, असं सांगितलं गेलं. कल्पना एकदम बरोबर आहे. प्लांट नंदुरबारला आणि त्याचा दाब, शुद्धता, चालू-बंद स्थिती दिसणार मुंबई-दिल्लीच्या स्क्रीनवर.

पण ते रीडिंग प्लांटपासून स्क्रीनपर्यंत जातं कुठून? मधे कुठंतरी भिंतीवर एक छोटा डबा असतो. राउटर. प्लांट बंद पडला तर राउटर सांगेल. राउटरच बंद पडला तर कोण सांगणार?

आजचा लेख त्या डब्याबद्दल आहे.

आधी बेसिक: इमारत 'बोलते' म्हणजे काय

मोठं हॉस्पिटल, मॉल, आयटी पार्क, कोल्ड स्टोरेज, अशा इमारतींत एसी, पंप, जनरेटर, फायर अलार्म, दरवाजे हे सगळं छोट्या छोट्या कंट्रोलरना जोडलेलं असतं. हे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात आणि एका स्क्रीनवर सगळी इमारत दिसते. याला बिल्डिंग ऑटोमेशन म्हणतात.

ते ज्या भाषेत बोलतात त्यातली सगळ्यात जास्त चालणारी एक भाषा म्हणजे बॅकनेट. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ॲशरे या संस्थेनं तिचं स्टँडर्ड काढलं. गंमत अशी की एकाच इमारतीत ही भाषा दोन वेगळ्या रस्त्यांवरून धावते. वरचा रस्ता म्हणजे आपलं नेहमीचं आयपी नेटवर्क. खालचा रस्ता म्हणजे जुन्या पद्धतीची दोन तारांची लाइन, तिला एमएस-टीपी म्हणतात. या खालच्या लाइनवर एक टोकन फिरत असतं. ज्याच्या हातात टोकन, त्यानंच बोलायचं, मग शेजाऱ्याला द्यायचं. वेग इतका कमी की तुमच्या फोनमधला एक साधा फोटो पाठवायलाही कित्येक मिनिटं लागतील. पण तापमान, दाब असे छोटे आकडे पाठवायला पुरतो, आणि तार स्वस्त पडते.

या दोन रस्त्यांच्या मधे जो उभा असतो तो बॅकनेट राउटर.

नवापूरवाल्यांना हे पटकन कळेल. आपलं रेल्वे स्टेशनच असं आहे. प्लॅटफॉर्मचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातमध्ये. अनाउन्समेंट चार भाषांत होते. बॅकनेट राउटर तसाच, एक पाय आयपीच्या राज्यात आणि दुसरा दोन तारांच्या राज्यात. दोन्हीकडचे निरोप इकडून तिकडे द्यायचे हे त्याचं काम.

तुमच्या घरचा प्रयोग

आता एक करून बघा. घरच्या वाय-फाय राउटरला मागून जी ब्रॉडबँडची वायर येते ती दोन मिनिटं काढा. फोनचा मोबाईल डेटा बंद ठेवा. वाय-फायचं चिन्ह बघा. कांड्या सगळ्या भरलेल्याच दिसतील. पण व्हॉट्सॲपचा मेसेज जाणार नाही.

राउटरची तुमच्याकडची बाजू जिवंत आहे, पलीकडची मेलेली आहे. फोनला 'राउटर आहे का?' विचारलं तर उत्तर 'आहे'. खरा प्रश्न 'राउटरच्या पलीकडे कोणी आहे का?' हा होता.

बऱ्याच इमारतींत मॉनिटरिंगच्या नावाखाली फक्त पहिला प्रश्न विचारला जातो. त्याला पिंग म्हणतात. दर मिनिटाला राउटरला हाक मारायची, 'ओ' आलं की हिरवा दिवा. पिंगचं उत्तर राउटर आयपीच्या बाजूनं देतो. खालची दोन तारांची लाइन उंदरानं कुरतडलेली असो, कोणीतरी चुकून दोन कंट्रोलरना एकच पत्ता दिलेला असो आणि टोकन अडकलेलं असो, पिंग मस्त येत राहतो. स्टेशन मास्तरांचा फोन लागतोय म्हणून गाड्या धावतायत असं समजण्यासारखं आहे हे.

२२.४ अंश

माझ्या कामातला एक अनुभव. पुण्यातली एक इमारत, तिची सर्व्हर रूम. सकाळी स्क्रीनवर तापमान २२.४. अकरा वाजता २२.४. दुपारी दोनला पण २२.४. आम्ही खूश, एसी काय भारी चाललाय! शेवटी सिक्युरिटीच्या काकांनी फोन केला, "साहेब, आत भट्टी झालीये."

झालं असं होतं की राउटरचा खालचा पोर्ट पहाटेच गेला होता. सॉफ्टवेअरला नवीन रीडिंग मिळत नव्हतं, म्हणून ते शेवटचं मिळालेलं रीडिंग दाखवत बसलं होतं. ना लाल रंग, ना मेसेज. खऱ्या खोलीचं तापमान दर मिनिटाला दशांशानं तरी हलतं. न हलणारा आकडा बघूनच आम्हाला शंका यायला हवी होती. आली नाही, ही आमची चूक.

आता हाच आकडा तापमानाऐवजी ऑक्सिजनची शुद्धता आहे असं समजा. आपल्याकडच्या या प्लांटमधून साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन येतो. स्क्रीनवर ९३ दिसतोय, म्हणून सगळे निवांत. तो ९३ आत्ताचा आहे की काल रात्रीचा?

बॅकनेटमध्ये यावर उपाय आहे. प्रत्येक रीडिंगसोबत 'हे भरवशाचं आहे का' हे सांगणारे झेंडे असतात, आणि संपर्क तुटला तर तसं नोंदवायची सोय पण आहे. ते स्क्रीनवर दाखवायचं कष्ट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं घ्यावे लागतात. नाहीतर आकडा देखणा आणि खोटा.

"पोचलास की फोन कर"

मग बरोबर मॉनिटरिंग कसं असतं? ते आपल्या आयांना आधीपासून येतं. मुलगा सुरतला नाहीतर पुण्याला निघाला की आई म्हणते, "पोचलास की फोन कर." फोन आला तर ठीक. वेळ टळून गेली आणि फोन नाही आला, तर तीच काळजी, तीच शोधाशोध. आईनं 'काही वाईट झालं तर कळव' असं सांगितलेलं नसतं. कारण खरंच वाईट झालं असेल तर मुलगा फोन करूच शकणार नाही.

आम्ही याला हार्टबीट म्हणतो. प्लांटच्या बाजूच्या कंट्रोलरनं दर पाच मिनिटांनी 'मी ठीक आहे' असा निरोप पाठवायचा. निरोप आला नाही की पलीकडच्या टोकानं आपणहून अलार्म वाजवायचा. इथं गप्प बसणं हीच तक्रार समजली जाते.

याच्या जोडीला तीन गोष्टी हव्यात. राउटरला पिंग करण्यापेक्षा त्याच्या पलीकडच्या एखाद्या कंट्रोलरचं खरं रीडिंग वाचायचं. प्रत्येक आकड्याशेजारी 'किती वेळापूर्वीचा' हे दाखवायचं. आणि अलार्म थोडेच पण कामाचे ठेवायचे. दिवसाला तीनशे एसएमएस आले की माणूस ग्रुप म्यूट करतो तसा अलार्मही म्यूट करतो, आणि खरा अलार्म त्याच ढिगाऱ्यात जातो.

ती रात्र, जेव्हा व्हॉट्सॲप बंद पडलं

४ ऑक्टोबर २०२१. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक तिन्ही एकदम बंद. तुम्हीही फोन रिस्टार्ट केला असेलच.

कंपनीनं नंतर सांगितलेलं कारण असं. मेंटेनन्स चालू असताना एक कमांड दिली गेली आणि त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं सगळं मुख्य नेटवर्क तुटलं. अशी कमांड अडवायला एक तपासणी टूल होतं, त्यातच बग निघाला. मग डीएनएस सर्व्हरनी 'आम्ही डेटा सेंटरशी बोलू शकत नाही' हे ओळखून स्वतःचे पत्ते इंटरनेटवरून काढून घेतले. बाहेरच्या जगासाठी फेसबुकचा पत्ताच गायब झाला.

आपल्या विषयाचा भाग पुढे आहे. दुरुस्त करायला लागणारी त्यांची आतली टूल्सही त्याच नेटवर्कवर होती, तीही बंद. त्या दिवशीच्या बातम्यांनुसार कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं काही इमारतींच्या दारांवर चालेनात. दार उघडणारी सिस्टीमही नेटवर्कवरच अवलंबून. म्हणजे कुलूप आत आणि किल्लीही आत. सगळं पूर्ववत व्हायला सहाएक तास गेले.

एवढ्या मोठ्या कंपनीकडे राउटर कमी होते का? ढिगानं होते. पण सगळे एकाच कमांडला एकाच वेळी बळी पडणारे होते.

आपल्या घरचं उदाहरण: १२ ऑक्टोबर २०२०

त्याच्या वर्षभर आधी मुंबई, ठाणे, नवी मुंबईत सकाळी दहाच्या सुमारास वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिलेलं कारण साधं होतं. कळवा-पडघा इथं ४०० केव्हीच्या यंत्रणेत दुरुस्तीचं काम चालू होतं, त्यामुळे सर्किट एकचा भार सर्किट दोनवर टाकलेला होता. नेमका सर्किट दोनमध्ये बिघाड झाला.

कागदावर सर्किट दोन. त्या सकाळी प्रत्यक्षात एक. दुरुस्तीसाठी एक बंद केलं की त्या काळापुरती तुमची रिडंडन्सी संपलेली असते, हे राउटरलाही तंतोतंत लागू आहे. उलट राउटरच्या बाबतीत जास्त वाईट होतं. विजेचं सर्किट मुद्दाम बंद केलं तर निदान नोंद होते. कपाटातला स्टँडबाय राउटर आठ महिन्यांपूर्वी मेलेला असेल तर ते कोणालाच माहीत नसतं, कारण त्याच्यावाचून काही अडलेलं नसतं. ज्या दिवशी मुख्य राउटर जातो त्या दिवशी कळतं की आपल्याकडे खरंतर एकच होता.

म्हणून माझं मत असं की मॉनिटरिंग आधी, रिडंडन्सी नंतर. ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो दुसरा राउटर म्हणजे फक्त बिलावरची एक ओळ.

मग दोन राउटर लावून टाकू की!

इतकं सोपं नाही. ऑफिसच्या साध्या आयपी नेटवर्कमध्ये व्हीआरआरपी नावाची सोय असते. दोन राउटर मिळून एकच पत्ता वापरतात. मुख्य राउटर दर सेकंदाला 'मी आहे' असं सांगतो. साधारण तीन हाका चुकल्या की दुसरा ताबा घेतो. वापरणाऱ्याला कळतही नाही.

बॅकनेटचा नियम मात्र वेगळा आहे. कुठल्याही दोन नेटवर्कच्या मधे एका वेळी चालू रस्ता एकच पाहिजे. तुम्ही हौसेनं दोन बॅकनेट राउटर शेजारी शेजारी लावून दोन्ही चालू ठेवले, तर एकाचा निरोप दुसरा परत आत टाकतो, तो पुन्हा पहिल्याकडे येतो आणि निरोप गोल गोल फिरायला लागतात. खालची हळू लाइन त्यानं गुदमरते. सुरक्षेसाठी लावलेला दुसरा राउटरच इमारत बंद पाडतो.

त्यामुळे दुसरा राउटर 'राखीव' ठेवावा लागतो आणि पहिला खरंच गेला आहे याची खात्री झाल्यावरच जागा करावा लागतो. ही खात्री कोण करणार? पुन्हा मॉनिटरिंगच. दोन राउटरमधला संपर्क तुटला आणि दोघांनाही वाटलं की समोरचा मेला, तर दोघेही कामाला लागतात आणि वरचा गोंधळ होतो.

बॅकनेटची नवीन सुरक्षित आवृत्ती, बॅकनेट एससी, साधारण २०१९ पासून आली आहे. तिच्यात हा विचार मुळातच केलेला आहे. प्रत्येक उपकरणाला दोन पत्ते दिलेले असतात, एक मुख्य हबचा, एक राखीव हबचा. मुख्य नाही सापडला की उपकरण स्वतःच राखीवकडे जातं. पण दोन्ही हब एकाच खोलीत, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावले तर उपयोग शून्य.

आपल्याकडे हेच सगळ्यात जास्त होतं. दोन राउटर, यूपीएस एक. दोन कंपन्यांचं नेट, पण दोन्हीच्या केबल एकाच चरातून. जेसीबीनं एकदा खोदलं की दोन्ही गेल्या. दोन सिम, पण टॉवर एकच आणि त्या टॉवरची वीजही एकच.

सगळ्यात महत्त्वाचं: नेट गेलं तरी इमारत चालली पाहिजे

फिनलंडमधल्या लाप्पेनरांटा शहरात २०१६ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला, गोठवणाऱ्या थंडीत, दोन रहिवासी इमारतींचं हीटिंग बंद पडलं. बॉयलरला काही झालेलं नव्हतं. हीटिंगच्या कंट्रोलरवर इंटरनेटवरून खोट्या ट्रॅफिकचा मारा झाला. त्यातून सावरायला कंट्रोलर स्वतःला रिस्टार्ट करायचा, उठला की परत मारा, परत रिस्टार्ट. या चक्रात घरं थंड.

खरं तर घर गरम ठेवायला इंटरनेट लागतच नाही. लागतं ते लांबून बघायला. बघण्याची सोय गेली म्हणून मूळ काम थांबलं, ही डिझाइनची चूक. चांगल्या सिस्टीममध्ये कंट्रोलरनं आपलं काम जागेवर, स्वतःच्या डोक्यानं चालू ठेवायचं असतं. नेटवर्क फक्त बातमी द्यायला.

याचं चांगलं उदाहरण आपल्याच सरकारी आरोग्य केंद्रांत आहे. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. त्यासाठी ईविन नावाच्या सिस्टीममध्ये लसीच्या फ्रिजला सेन्सर लावलेला असतो. तो दर दहा मिनिटांनी तापमान टिपतो आणि तासाला सर्व्हरला पाठवतो, तेही मोबाईल नेटवर्कवरून, इमारतीच्या वाय-फायवर विसंबून न राहता. तापमान बिघडलं तर जागेवर अलार्म वाजतो, आणि एसएमएस, ईमेलही जातात. नेट गेलं तरी शेजारी असलेल्या सिस्टरना आवाज ऐकू येतो. निरोपाचे दोन रस्ते, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. याला म्हणतात रिडंडन्सी.

हे सगळं नवापूरला कशाला?

कारण डबे आपल्याकडेही यायला लागलेत. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारनं सगळ्या शाळांना सीसीटीव्ही लावायचा आदेश काढला. त्यातली मला आवडलेली गोष्ट कॅमेऱ्याची नाही. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासायचं, असं त्यात आहे. म्हणजे बघायचं काम एका पदाच्या नावावर टाकलेलं आहे. बदलापूरमध्येही मंत्र्यांनी आधीच्या पंधरा दिवसांचं फुटेजच मिळत नसल्याचं सांगितलं होतं. कॅमेरा होता, त्याच्याकडे बघणारं कोणी नव्हतं.

उद्या तालुक्यातल्या एखाद्या हॉस्पिटलमध्ये, आश्रमशाळेत, कोल्ड स्टोरेजमध्ये किंवा बंद पद्धतीच्या पोल्ट्री शेडमध्ये 'स्मार्ट' सिस्टीम बसेल. उन्हाळ्यात बंद शेडचे पंखे थांबले तर अर्ध्या तासातही कोंबड्या मरायला लागतात. त्यामुळे 'राउटर उद्या बघू' इथं चालत नाही. बसवणारा माणूस तुम्हाला ॲप दाखवेल, रंगीत ग्राफ दाखवेल. तुमच्यापैकी कोणाचा भाऊ, काका, सर तिथं असतील. त्यांना हे पाच प्रश्न विचारायला सांगा:

१. राउटर बंद पडला तर मला कसं कळेल? तोच राउटर सांगणार असेल तर ते उत्तर नव्हे.
२. स्क्रीनवरचा आकडा किती वेळापूर्वीचा आहे, हे दिसतं का?
३. नेट नसताना मूळ काम, म्हणजे पंखा, पंप, अलार्म, चालू राहतं का?
४. दुसरा राउटर असेल तर त्याची वीज आणि केबल वेगळी आहे का?
५. शेवटी मुख्य राउटर मुद्दाम बंद करून कधी बघितलं होतं? तारीख सांगा.

पाचवा प्रश्न सगळ्यात जास्त कामाचा आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर 'कधीच नाही' असं येईल. तसं आलं तर भांडू नका. एक दिवस ठरवा, डॉक्टर किंवा मालक समोर असताना, सगळी तयारी ठेवून, राउटरचा प्लग काढा आणि घड्याळ लावा. किती वेळानं कोणाच्या फोनवर काय येतं ते वहीत लिहा. दर सहा महिन्यांनी परत करा.

खर्च शून्य. आणि प्लग परत लावायचं विसरू नका.